गाळाची नावनिशी

मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातील हवा भरण्याच्या टाकीतून एक लिटर पाणी काचेच्या उभ्या नळकांड्यात घ्यावे आणि ते सपाट ओट्यावर अर्धा तास न हलवता ठेवून द्यावे. प्रारंभी गढूळ तपकिरी दिसणारे ते पाणी दोनचार मिनिटांतच आपले रूप पालटू लागते. बारीक कण एकमेकांना बिलगतात, त्यांचे पुंजके होतात, पुंजके संथपणे खाली उतरतात, आणि अर्धा तास भरतो तेव्हा तळाचा मऊ तपकिरी गाळ आणि वरचे नितळ पाणी यांच्यामधील सीमारेषा बोटाने दाखवता येईल इतकी स्पष्ट झालेली असते. केंद्रावरचा जुना जाणता कामगार त्या रेषेची उंची वहीत टिपून घेतो, नळकांडे नाकाजवळ नेतो, आणि ओल्या मातीसारखा वास आला म्हणजे टाकीची प्रकृती ठीक आहे असे निःशंकपणे सांगतो. त्याच गाळाचा एक थेंब काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिला, तर जीवाणूंचे दाट पुंजके, त्यांतून केसांसारखे बाहेर आलेले तंतू, आणि पुंजक्यांना देठाने चिकटून घंटेसारखे तोंड पसरलेले, धक्का लागताच देठ आखडून घेणारे आदिजीव दृष्टीस पडतात.

शहराने सकाळी टाकून दिलेली घाण सायंकाळपर्यंत पचवून टाकणाऱ्या या वस्तीत राहतात तरी कोण, त्यांची नावे कोणती, त्यांचे गोत कोणते, हा प्रश्न विचारावयास सोपा असला तरी त्याचे उत्तर मिळविण्यास शतकाहून अधिक काळ लागला. आणि ते शोधता शोधता जीवाणूंना नावे देण्याच्या शास्त्राला आपले मूळचे नियमच पुन्हा तपासून पाहावे लागले. त्या शोधाचा हा इतिहास आहे. आपल्या विश्वकोशाने ‘जीनस’ला प्रजाती आणि ‘स्पीशीज’ला जाती म्हटले आहे, तीच परिभाषा येथे पाळली आहे.

या इतिहासाचा पहिला दाखला हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी सापडतो. तेथील कापडाचा व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहुक याने मिरी तिखट का लागते याचा छडा लावण्यासाठी ती पाण्यात भिजत घातली आणि १६७६ साली, स्वतः घासलेल्या भिंगातून, त्या पाण्यात वळवळणारे अतिसूक्ष्म जीव पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीस त्याने धाडलेल्या पत्रात त्यांचे वर्णन आहे, नाव नाही. पुढे अवघ्या सजीवसृष्टीची जमाबंदी करण्यास निघालेल्या कार्ल लिनीअसने, हे जीव कोणत्या खात्यात घालावेत याचा उलगडा न झाल्यामुळे, त्यांची नोंद कृमींच्या वर्गात, ‘केऑस’ म्हणजे अव्यवस्था असे नाव दिलेल्या प्रजातीत केली. १८७२ साली फर्डिनांड कोह्न याने गोल, दंडाकृती, पिळदार अशा आकारांवरून जीवाणूंची पहिली सुसंगत विभागणी केली. परंतु आकारांची संख्या मोजकी आणि जीवांची संख्या अमर्याद, त्यामुळे एकाच आकाराच्या खात्यात परस्परांशी काडीचाही संबंध नसलेली कुळे गोळा होत राहिली.

या अडचणीतून वाट काढली ती रॉबर्ट कोख याच्या प्रयोगशाळेने. घट्ट पोषकद्रव्यावर जीवाणू पसरून प्रत्येकाची स्वतंत्र वसाहत वाढू द्यावयाची, ही त्याची रीत; त्यासाठी जिलेटिनपेक्षा समुद्री शेवाळापासून निघणारा आगर अधिक टिकाऊ ठरेल, ही सूचना फॅनी हेस या गृहिणीची; आणि झाकणाची उथळ काचेची थाळी १८८७ साली सुचविली ती यूलियस पेट्री याने. एका जीवापासून वाढलेली एक वसाहत, तिच्यापासून वेगळा काढलेला शुद्ध संवर्ध, आणि त्या संवर्धावरच बेतलेले वर्णन, हा तेव्हापासून या शास्त्राचा कायदा झाला. रोगजंतूंच्या बाबतीत त्या कायद्याने मानवजातीवर केलेले उपकार शब्दांत सांगण्यापलीकडचे आहेत. तथापि गाळातील जीवांना तो सोसणारा नव्हता, हे कळून येण्यास फार काळ जावा लागला.

गाळाचा प्रत्यक्ष उपयोग मात्र नावांची वाट पाहत थांबला नाही. १९१२ साली मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर अमेरिकेतील लॉरेन्स येथील प्रयोगकेंद्र पाहून परतले आणि मैलापाण्यात हवा सोडून पाहण्याची कल्पना त्यांनी एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांच्यापुढे मांडली. डेव्हिहुमच्या केंद्रात या दोघांनी बाटल्यांत मैलापाणी भरले, उजेडाने शेवाळ वाढू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळला, आणि ते आत हवा सोडीत राहिले. पहिल्या खेपेस पाण्यातील अमोनियाचे पूर्णपणे नायट्रेट होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. त्यानंतर त्यांनी वरचे स्वच्छ पाणी ओतून दिले, तळाचा गाळ टाकून न देता तसाच ठेवला, आणि त्यावर नवे मैलापाणी घातले. हाच क्रम पुन्हा पुन्हा चालविला असता गाळ साचत गेला आणि पाच आठवड्यांचे काम अखेर चोवीस तासांच्या आत होऊ लागले. ३ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी आपला निबंध मँचेस्टरमध्ये वाचला आणि त्या गाळाला ‘ॲक्टिवेटेड स्लज’, म्हणजे कार्यक्षम झालेला गाळ, असे नाव दिले. फाउलर स्वतः १९१६ साली जमशेटजी टाटांच्या औदार्यातून उभ्या राहिलेल्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होऊन आले. जगातील बहुतेक मोठी शहरे आज ज्या पद्धतीने आपले मैलापाणी शुद्ध करतात तिचा पाया असा घातला गेला. गाळाला नाव मिळाले, गाळात काम करणाऱ्यांना मात्र अद्याप मिळावयाचे होते.

ते देण्याचा पहिला गंभीर प्रयत्न एका जुन्या नावाभोवती फिरत राहिला. १८६८ साली इत्सिगझोन याने पाण्यातील बुळबुळीत, झाडाच्या फांद्यांसारख्या जीवाणू-पुंजक्यांना ‘झुग्लोआ रॅमिजेरा’ म्हटले होते. १९३५ साली अमेरिकेत बटरफील्ड याने गाळातून पुंजके बांधणारा एक जीवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा काढला, तेव्हा गाळाचा कर्ता सापडला असा अनेकांचा समज झाला, आणि पुंजका बांधणारा जो जो जीवाणू हाती येई त्याला हेच नाव चिकटविण्याची प्रथा पडली. कालांतराने या एकाच नावाखाली वावरणाऱ्या वाणांची कसून तपासणी झाली तेव्हा त्यांतील काही परस्परांचे दूरचे आप्तही नाहीत असे दिसून आले. त्यांतील एकास १९९७ साली ‘डुगानेला’ या नव्या प्रजातीत स्थान द्यावे लागले. पुंजका बांधणे हा या जीवांचा धंदा होता, त्यांचे कूळ नव्हे. आणि धंद्यावरून कूळ ठरविण्याची चूक किती दूरवर नेते, हा गाळाने शास्त्राला शिकविलेला पहिला धडा होय.

दुसरा धडा तंतूंनी शिकविला. टाकीत तंतुमय जीवाणूंचे प्रमाण वाढले म्हणजे पुंजके पिंजलेल्या कापसासारखे फुगतात, गाळ तळाशी बसेनासा होतो, आणि नदीत स्वच्छ पाण्याऐवजी गाळच वाहू लागतो. काही तंतूंमुळे टाकीवर चिकट तपकिरी फेसाचा जाड थर चढतो. १९६९ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या केंद्रात अशा फेसाने व्यवस्थापकांना हैराण केले, तेव्हा त्याचे कारण हा एक गूढ प्रश्न होता. रटगर्स विद्यापीठातील लशव्हालिए दांपत्याने फेसात आढळणारा शाखायुक्त जीवाणू वेगळा काढून १९७४ साली त्याचे ‘नोकार्डिया अमारी’ असे नामकरण केले. अमारा म्हणजे ग्रीक भाषेत पाण्याचा चर. पुढे त्याच्या कुळाची फेरतपासणी झाली आणि १९९४ साली तो ‘गॉर्डोना’ प्रजातीत गेला, १९९७ साली त्या प्रजातीचेच नाव दुरुस्त होऊन ‘गॉर्डोनिया’ झाले. सातबाऱ्यावर एकाच जमिनीच्या फेरफार नोंदी पडत जाव्यात तशा या एका जातीच्या नावावर पडल्या. जमीन तीच, मालकी मात्र दर वेळी अधिक काटेकोर पुराव्याने ठरलेली.

गाळातील बहुतेक तंतू मात्र थाळीवर वाढण्यास राजीच नव्हते. हॉलंडमधील डिक आयकेलबोम यांनी या परिस्थितीत अत्यंत प्रामाणिक असा मार्ग पत्करला. जे शुद्ध स्वरूपात हाती आलेले नाही त्याला नाव देण्याचा अधिकार आपणास नाही, परंतु जे डोळ्यांनी ओळखू येते त्याची नोंद न ठेवणे हेही कर्तव्याला सोडून होईल, असे जणू मानून, १९७५ साली त्यांनी तंतूंची जाडी, शाखा, आवरण, हालचाल, रंगद्रव्ये घेण्याची रीत, पोटात साठविलेले गंधकाचे कण अशा लक्षणांवरून त्यांचे प्रकार पाडले आणि त्यांना ००४१, ००९२, ०२१एन असे नुसते क्रमांक दिले. जगभरच्या केंद्रांवरील तंत्रज्ञ या क्रमांकांच्या आधारे आपल्या टाक्यांतील बिघाडाचे निदान करू लागले. चोवीस वर्षांनी, १९९९ साली, ०२१एन या क्रमांकाखालील काही तंतूंचे कूळ निश्चित झाले, तेव्हा त्यांतील एका नव्या जातीला ‘थायोथ्रिक्स आयकेलबोमी’ असे नाव देण्यात आले. बिननावी जीवांचे दप्तर ज्याने इमानाने सांभाळले त्याचेच नाव त्यांच्यातील एकाला मिळावे, यासारखा उचित सन्मान दुसरा नाही.

दरम्यान नावांच्या एकूण कारभाराचीही साफसफाई झाली होती. शंभर वर्षांत साठलेल्या, एकमेकींवर चढलेल्या, पुरावा हरवलेल्या असंख्य नावांचे ओझे दूर सारून, व्हिक्टर स्कर्मन, व्हिकी मॅकगोवन आणि पीटर स्नीथ यांनी संपादिलेली मान्यताप्राप्त नावांची यादी १ जानेवारी १९८० पासून अमलात आली, आणि तीत जातींची सुमारे दोन हजारच नावे कायम राहिली. त्यानंतर नव्या जातीची नोंद व्हावयाची तर काय काय रुजू करावे लागते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. गाळाचा नमुना पातळ करून थाळीवर पसरावयाचा; वेगळ्या दिसणाऱ्या वसाहतीतून टोचा घेऊन, ती पुन्हा पुन्हा नव्या थाळीवर ओढून, संवर्ध शुद्ध असल्याची खातरजमा करावयाची; नंतर रायबोसोममधील १६एस आरएनएचे सुमारे दीड हजार अक्षरांचे जनुक वाचून ज्ञात जातींशी ताडून पाहावयाचे. हे साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असले तर जाती नवी असण्याचा संभव बळकट होतो. त्याहून अधिक असले तर संपूर्ण जनुकसंचांची तुलना करावी लागते आणि तेथे ९५ ते ९६ टक्क्यांची सीमा मानली जाते. शिवाय पेशीतील मेदाम्ले कोणती, कोणत्या तापमानाला व कोणत्या आम्लतेत वाढ होते, कोणते अन्न पचते, याची कोष्टके भरावयाची. नाव लॅटिनच्या व्याकरणाप्रमाणे बनवावयाचे. वर्णन अधिकृत नियतकालिकात छापवून अथवा तेथील यादीत नोंदवून घ्यावयाचे. आणि जिवंत संवर्ध दोन निरनिराळ्या देशांतील संग्रहालयांत जमा करून त्यांचे दाखले जोडावयाचे. दोन देशांचा हा नियम नुसता दप्तरी रिवाज म्हणून केलेला नाही: एका देशात आग लागली, वीज गेली अथवा युद्ध झाले, तरी दुसऱ्या देशात पुरावा जिवंत राहावा, हे त्याचे कारण.

परंतु हा सर्व पुरावा मागणारा कायदा अखेर थाळीवर वाढणाऱ्यांचाच कायदा होता, आणि तेथेच तिसरा, सर्वांत कठोर धडा गाळाने शिकविला. तळी-नद्यांत शेवाळ माजविणारा फॉस्फरस काही केंद्रांतील गाळ आपल्या पोटात साठवितो असे आढळले होते. १९७५ साली फूस आणि चेन यांनी अशा गाळातून ‘ॲसिनेटोबॅक्टर’ हा जीवाणू वाढविला आणि तो फॉस्फेट साठवितो असे दाखविले. त्यानंतर जवळजवळ दोन दशके पाठ्यपुस्तकांत या कार्याचे श्रेय ॲसिनेटोबॅक्टरच्या नावावर जमा होत राहिले. १९९० नंतर म्युनिकच्या संशोधकांनी नवी रीत बसविली: विशिष्ट कुळाच्या आरएनएलाच चिकटणारा आणि विशिष्ट प्रकाशात चमकणारा जनुकांश तयार करावयाचा, आणि थाळीचा आधार न घेता गाळातील पेशी जागच्या जागी ओळखावयाच्या. १९९४ साली मिखाएल वाग्नर व सहकाऱ्यांनी ॲसिनेटोबॅक्टरसाठी असा शोधक बनवून गाळात लावून पाहिला, तेव्हा त्याच्या पेशी अत्यल्प आढळल्या. थाळीवर तो उदंड वाढत असे म्हणूनच तो मोठा वाटत होता. खरा कामकरी १९९९ साली झुरिकमधील संशोधनात जनुकांवरून ओळखला गेला आणि त्यास ‘अक्युम्युलिबॅक्टर फॉस्फॅटिस’ असे तात्पुरते नाव मिळाले. थाळीवर जो हजर राहिला त्याच्या नावावर मेहनत मांडली गेली, आणि ज्याने मेहनत केली तो हजेरीपटावर आलाच नाही. हा अन्याय वीस वर्षे कोणाच्या लक्षात आला नाही, याचे कारण हजेरी घेण्याची रीतच एकांगी होती.

जनुकांवरून कूळ ओळखण्याच्या या विद्येचे बीजही काही अंशी गाळातूनच आले आहे. अमेरिकेतील अर्बाना येथील मैल्याच्या गाळातून झाइकस व वुल्फ यांनी १९७२ साली उष्णतेत वाढणारा, मिथेन वायू निर्माण करणारा एक जीव वेगळा काढला होता. त्याच गावच्या विद्यापीठातील कार्ल वूज यांनी त्याच्या रायबोसोमचा आरएनए तपासला तेव्हा तो कोणत्याही जीवाणूशी जुळेना. आणि १९७७ साली वूज व जॉर्ज फॉक्स यांनी जाहीर केले की हे मिथेनकर्ते जीव जीवाणूही नव्हेत व प्राणी-वनस्पतींच्या पंक्तीतलेही नव्हेत, तर त्यांची शाखाच निराळी, तिसरी आहे. सजीवसृष्टीच्या वंशवृक्षाचे हे मोठे खोड ज्यांच्यामुळे उजेडात आले, त्यांच्यात मैल्याच्या गाळातील या रहिवाशाला मानाचे स्थान आहे. त्या मिथेन वायूची ओळख आपल्या मुंबईलाही जुनी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्यातून निघणारा वायू गोळा करून कामाला लावण्यात आला होता.

आता पुन्हा डेल्फ्टकडे वळले पाहिजे. तेथील यीस्टच्या कारखान्यात १८८५ ते १८९५ या काळात मार्टिनस बायेरिंक हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून काम करीत होते. इष्ट परिस्थिती निर्माण करावी म्हणजे तिला अनुरूप असा जीव आपोआप पुढे येतो, या समृद्धीकरणाच्या तत्त्वाचा पुरस्कार त्यांनी पुढे त्याच गावी प्राध्यापक असताना केला. शंभर वर्षांनी त्याच कारखान्याच्या सांडपाण्याच्या प्रायोगिक यंत्रात, जेथे प्राणवायूचा शिरकाव नव्हता तेथे, अमोनिया नाहीसा होत असल्याचे आर्नोल्ड मुल्डर यांच्या ध्यानात आले आणि १९९५ साली ते प्रसिद्ध झाले. प्राणवायूशिवाय अमोनियाचे ऑक्सिडीकरण करू शकणारा जीव निसर्गात असलाच पाहिजे, असे व्हिएन्नाच्या एंगेलबर्ट ब्रोडा यांनी केवळ ऊर्जेच्या हिशेबावरून १९७७ सालीच लिहून ठेवले होते. या जीवाची संख्या दुप्पट होण्यास सुमारे अकरा दिवस लागत, आणि एकटा वाढण्यास तो तयार नव्हता. मार्क स्ट्राउस व सहकाऱ्यांनी घनतेच्या भेदावर पेशी चाळून इतक्या निवडक केल्या की शेकडो पेशींत परकी पेशी एखादीच उरावी, आणि १९९९ साली त्याची ओळख पटविली. गिस्ट-ब्रोकेडस या त्या कारखान्याच्या नावावरून त्याला ‘ब्रोकेडिया अनॅमॉक्सिडन्स’ असे नाव मिळाले. ओळख पटल्यानंतर तीनच वर्षांत, २००२ साली, रोटरडॅम येथे या जीवांच्या बळावर चालणारे पहिले मोठे यंत्र सुरू झाले.

एवढे असूनही त्या नावाच्या आधी ‘कँडिडेटस’ म्हणजे उमेदवार हा शब्द लागला, आणि अक्युम्युलिबॅक्टरलाही तोच शब्द चिकटला. शुद्ध संवर्ध नसलेल्या जीवांसाठी १९९० नंतरच्या दशकात काढलेली ही पायरी, परंतु नियमांच्या दृष्टीने तिला पक्के वतन नाही. जनुकक्रमालाच पुरावा मानावा हा प्रस्ताव नावांचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली नामंजूर केला. तेव्हा संशोधकांच्या दुसऱ्या एका समूहाने २०२२ साली ‘सीकोड’ हा स्वतंत्र कायदा प्रसिद्ध केला, त्यात उत्तम दर्जाचा जनुकक्रम हाच जातीचा मूळ पुरावा मानलेला आहे. एकीकडे जिवंत संवर्धाचा आग्रह, दुसरीकडे वाचलेल्या जनुकांचा. आणि माझ्या मते दोन्ही बाजूंना आपापले सत्य आहे, कारण जिवंत वाण हाती असल्याशिवाय पुढचे प्रयोग होत नाहीत, आणि जनुकाचा पुरावा नाकारला तर गाळातील बहुसंख्य कामकरी कायमचे उमेदवारच राहतात.

या कामाची व्याप्ती आता मोठी झाली आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २३ देशांतील २६९ केंद्रांचा गाळ तपासला गेला, आणि डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या २०२२ च्या पाहणीत ४२५ शहरांतील ७४० केंद्रांचा. जगभर थोड्याच जाती सर्वत्र विपुल आढळतात, उरलेल्या असंख्य जाती मात्र ज्या त्या प्रदेशाच्या हवापाण्यानुसार बदलतात, असे त्यांतून दिसून आले. याचा अर्थ असा की मँचेस्टरच्या वा डेल्फ्टच्या गाळाची नावनिशी घेऊन पुण्याच्या वा नागपूरच्या गाळाचा हिशेब पुरा होणार नाही; उन्हाळ्यात तापणाऱ्या, पावसाळ्यात पातळ होणाऱ्या आपल्या मैलापाण्यातील वस्ती आपणच मोजली पाहिजे.

त्यासाठी लागणारी साधने आपल्या दारी आहेत. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. पुण्यातच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात २००९ साली सुरू झालेल्या संग्रहालयात सूक्ष्मजीवांचे वाण जतन करण्याची सोय आहे. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी १९५८ साली स्थापन झालेली आणि आता पर्यावरण अभियांत्रिकीत काम करणारी संस्था नागपुरात आहे. म्हणून महाराष्ट्रातील महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकांना माझी एवढीच विनंती आहे की, वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्यांना गावच्या मैलापाणी केंद्रावर न्यावे, नळकांड्यातील गाळ बसताना अर्धा तास त्यांना शांतपणे पाहू द्यावे, केंद्रावरच्या कामगाराच्या वहीतील नोंदी त्यांना वाचावयास लावाव्यात, आणि नमुन्याच्या बाटलीवर टाकी, तारीख, वेळ व तापमान ही चार नावनिशीची अक्षरे त्यांच्याकडून न चुकता लिहून घ्यावीत. कारण नव्या जातीचे वर्णन जेव्हा केव्हा छापले जाते, तेव्हा त्याची पहिली ओळ त्या बाटलीवरूनच उतरविलेली असते.